बेंजोवाले भाऊ

"आदी सांगितलं तर तुमी ऐकाल व्हय?" असं म्हणून आमचे भाऊ बेंजो गळ्यात अडकवायचे. पुढचं गाणं कुठलं, ते कधी सांगत नसत. बेंजोवर दोन सूर काढायचे, तेवढ्यावरून ओळखून आम्ही मागोमाग वाजवायचं.

टाकवे बुद्रुकची ही बेंजो पार्टी त्यांची. मी तिच्यात खुळखुळा वाजवायचो. हसू नका, तोही वाजवावा लागतो.

पुढे डीजे आला आणि आमचा बाजार उठला. भाऊ कारखान्यात प्रेस मशीनवर लागले, मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. पोरगी हटूनच बसली, हळदीला आजोबांचीच पार्टी पाहिजे. उरलेले आम्ही चौघे वलवणला, ताशेवाल्याच्या अंगणात सरावाला जमलो, तेव्हा कळलं की मशीनच्या आवाजाने भाऊंचे कान पार गेलेत. कानात यंत्र घातलं तर नुसती शिट्टी वाजायची.

"दुसरा मास्तर बघा," बेंजो पेटीत ठेवत ते म्हणाले. "पोरीच्या हळदीत माज्यामुळं हसं नको." मला फार वाईट वाटलं.

ताशेवाला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. "भाऊ, तुमाला न्हाई, पन आमाला ऐकू येतंय ना? तुमी वाजवा. आमी येतो मागनं."

हळदीला सुरुवात झकास झाली. चौथं गाणं नाचाचं काढलं आणि घोळ झाला. त्या गाण्याची आणि पाठवणीच्या गाण्याची सुरुवात जवळजवळ सारखीच. भाऊंची बोटं सवयीने पाठवणीकडे वळली. त्यांना कुठलं कळायला! आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि गेलो त्यांच्या मागे. नाचणारे थांबले, बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

भाऊंचा चेहरा उतरला. "चुकलं का रं?"

मी काही बोलायच्या आत हळदीने माखलेली नात उठली आणि त्या रडव्या चालीवरच नाचायला लागली. मग सगळा मांडव तिच्या मागे नाचला. भाऊ खूश होऊन आणखी जोरात वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी ती सासरी निघाली, तेव्हा भाऊंनी बेंजो माझ्या हातात दिला. "पाठवणी मातुर मला जमायची न्हाई रं. हात चालनार न्हाईत."

मी मान हलवली. आदल्या दिवशी ते काय वाजवून बसलेत, हे आम्ही कुणीच त्यांना कळू दिलं नाही. आता भाऊ नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.