तांब्याची किटली आणि एक गूजबेरी

माझे मेहुणे इनॉक विणकर होते, असं त्यांच्या थडग्यावर कोरलंय. मागावर ते किती बसायचे, हे माझ्या ताईला, केझायाला विचारा. इंग्लंडातल्या आमच्या लँकशायरात विणकराच्या परसात गूजबेरीची, म्हणजे एका आंबट फळाची, काटेरी झुडपं असायचीच. फळ पोसायचं, ऑगस्टात खानावळीत नेऊन तोलायचं आणि सगळ्यात जड भरलं तर तांब्याची किटली जिंकायची. आमचे दाजी मात्र झुडपं थंडीच्या आणि अळ्यांच्या हवाली करून समोर स्टूल टाकून बसत. कोण जगतंय ते बघायचं म्हणे.

पाद्रीबुवांनी एकदा चर्चच्या दारातच त्यांना गाठलं. "इनॉक, देवानं केली ती गूजबेरी. ती कशाला बदलेल?"

"देवानं केली वाटाण्याएवढी, पाद्रीसाहेब. अंड्याएवढी आम्ही विणकरांनी केली. बारकी टाकली, मोठी ठेवली. आम्ही परसात करतो तेच थंडी रानात करत असणार."

पाद्रीबुवांनी पुढे बरेच दिवस बोलणं टाकलं. ताईला त्याचं काही नव्हतं. तिचं दुखणं वेगळं. "लग्नाआधी किटली देतो म्हणालात," ती गळक्या भांड्यात चहाचं पाणी ठेवत म्हणायची, "केस पिकले माझे. तुमच्या अळ्या तेवढ्या गलेलठ्ठ झाल्या."

मग एका मे महिन्यात असं हिम पडलं की दाजींची सगळी रोपं करपली. एकच वाचलं. त्याला एकच फळ धरलं, ते फुगत गेलं आणि झाड मुळापासून वाळलं. दाजी त्या फळाभोवती बाळंतिणीच्या आईसारखे घुटमळायचे. थंडीला पुरून उरलेल्या झाडाची पोरंही तशीच निघतात का, हे त्यांना बघायचं होतं. जन्मभर जे बोलत आले त्याचा पुरावा त्या फळातल्या बियांत होता.

आणि खानावळीचा नियम असा, की तोललेली सगळी फळं संध्याकाळच्या ‘पाय’मध्ये, म्हणजे कणकेच्या पारीत फळं भरून भट्टीत भाजलेल्या पक्वान्नात, जायची.

दाजींनी फळ तोडलं, टोपीत ठेवलं आणि नेऊन तराजूत घातलं. किटली मिळाली. ताई ती पदराखाली लपवावी तशी शालीत धरून बसली, हसू आवरेना. दाजी कोपऱ्यात रिकाम्या टोपीत बघत बसलेले.

माझ्यानं राहवलं नाही. "ताई, त्या फळातल्या बियांत त्यांचा सगळा जन्म होता गं."

ती उठली ती थेट स्वयंपाकघरात. ती फळांची ‘पाय’ नुकतीच भट्टीतून बाहेर आलेली. खानावळवाली ओरडत राहिली, हिनं अख्खी परात उचलून घरी आणली. रात्रीच्या जेवणाचं कोणाला पडलंय. आत साऱ्या गावाच्या गूजबेऱ्या शिजून लगदा झालेल्या, आणि ही बया सुईनं एकेक बी वेचतेय.

"घ्या," ती म्हणाली. "पेरा तुमची पोरं."

दाजींनी बियांकडे पाहिलं, मग तिच्या पोळलेल्या बोटांकडे. कुंडी भरली आणि बिया पेरल्या. हा तोच माणूस, जो पुराव्याशिवाय पाद्रीबुवांनाही मानत नसे.

सगळा हिवाळा ते रोज सकाळी त्याच किटलीनं कुंडीला पाणी घालायचे. एकदा मी हटकलंच. "दाजी, भट्टीत भाजलेलं बी उगवतं होय?"

त्यांनी आत ताईच्या दिशेनं पाहिलं.

"हळू बोल," म्हणाले. "तिला ऐकू जाईल."