भुशातला घड

आज सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला पिकल्या केळ्यांचा वास आला आणि धुळ्याचं ते मैदान आठवलं. जिल्हा संघाची निवड होती, त्याआधी धावण्याची चाचणी, आणि ट्रेनरने आहाराच्या कागदावर दोन पिकली केळी लिहून दिलेली. भडगावजवळ आमची केळीचीच बाग, पण घड हिरवाच कापून ट्रकमध्ये भरायचा, घरी पिकवायची सवय कुणालाच नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, एक घड पिकायला भुशात दाबला आणि पहाटेच्या एसटीने मैदानावर आणला. पोतं उघडलं तर केळी कडक. एकेक अंगठ्याने दाबून पाहत ते हळूच म्हणाले, "पिकनं नही रे." मी दोन तुरट केळी गोड असल्यासारखी खाल्ली, धावलो आणि निवडला गेलो. पुढे राज्याच्या संघातही आलो. तेव्हापासून दर हंगामाआधी आबा घड दाबतात. तो कधी कच्चा निघतो, कधी काळा. काल चाचणीत गुडघा धरून मी मध्येच बसलो आणि संघातून नाव गेलं. आबांना अजून सांगितलेलं नाही. नाश्ता करतानाच त्यांचा फोन आला, "घड दाबी दिना, यंदा बराबर पिकतीन." मी एवढंच म्हणालो, "घाई नही शे, आबा."