बायजाईतली पंगत

"सगळं पॅकेजमध्येच आहे. चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण. घरून काही आणू नका," असं वनितानं बजावलेलं. तरी ठाण्याच्या नौपाड्यातून गाडी निघाली तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर दशम्यांचा डबा होताच. "वाटेत भूक लागली तर?" वाट केवढी, तर कल्याणच्या पुढे कांब्यापर्यंत!

वनिता माझी डोंबिवलीच्या शाळेतली मैत्रीण, मूळची कोपरची. त्यांची भातशेती बिल्डिंगांखाली गेली, त्या पैशांतून तिनं आणि तिच्या दोन भावांनी मुरबाड रोडला जागा घेऊन रिसॉर्ट काढलं. आईच्या नावानं, बायजाई. मध्यंतरी एकदा फोनवर रडवेली झालेली. "खोल्या भरतात गो, पण उरत काय नाय. सगळं किचन खातंय. भाऊ म्हणतात, हॉटेल कंपनीला चालवायला देऊ. रविवारी त्यांचा माणूस येतोय. आले की पहिलं आईचं नाव उतरवतील." म्हटलं, आम्ही येतो. येऊन काय दिवे लावणार होतो कोण जाणे, पण अशा वेळी आपलं माणूस जवळ असावं.

तर मंडळी, शनिवारी जाणार असाल तर उजाडताच निघा. रांजनोली नाका, दुर्गाडीचा पूल, कल्याण, आणि मग शहाडचा पूल. तिथे अडकलात की गेलात. आम्ही अडकलो आणि दशम्यांचा डबा उघडला, त्यामुळे सासूबाई दिवसभर खुशीत. माणशी अडीच हजार, मुक्काम धरून. खोल्या चकाचक, झाडं भरपूर, पोहायच्या तलावाशी मात्र सकाळी दहानंतर पोरांची जत्रा.

दुपारी बुफे. पनीर, नूडल्स, तीन गोडाचे पदार्थ. "घे गं, पैसे भरलेत," म्हणत एक काका बायकोच्या ताटात डोंगर रचत होते. त्यातलं अर्धं उष्ट्याच्या पिंपात गेलं. जो तो तेच करत होता. वनिता किचनच्या दारात उभी राहून ते पिंप बघत होती. तिचा चेहरा बघवेना.

एवढ्यात लक्षात आलं, सासूबाई टेबलाशी नुसत्याच बसल्यात, पदर सावरून.

"आई, इथे आपलं आपण घ्यायचं असतं," माझा नवरा अविनाश कानाशी म्हणाला.

"जेवायला बोलावलंय ना? मग वाढतील. ताट घेऊन रांगेत मी नाही उभी राहायची."

अविनाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वनिता आत गेली आणि स्वतःच्या घरचं जेवण घेऊन आली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. "थोडंच वाढ, लागलं तर मागेन," सासूबाई म्हणाल्या. दोनदा मागून घेतलं आणि ताट लख्ख केलं. वनिता त्या ताटाकडे बघतच राहिली.

संध्याकाळी तिनं भावांना बसवलं. "आपल्याकडे हळदीला अख्खा गाव जेवतो. पंगतीत वाढतो आपण, पानात काय राहतं का? इथे मोठ्या हॉटेलांची नक्कल करून आपण पिंपं भरतोय. उद्या पंगत बसवायची."

"लोक हसतील गो," थोरला म्हणाला. "रिसॉर्टला आलेत का हळदीला?"

"हसू दे. एक दिवस."

रविवारी केळीची पानं मांडली. दोघे भाऊ पँट दुमडून वाढायला. "घ्या हो दादा, अर्धी तरी घ्या." आदल्या दिवशीचे डोंगरवाले काका चक्क पानावर आडवा हात धरत होते. कंपनीचा माणूस कोट घालून आला, बुफे शोधत राहिला, शेवटी त्यालाही पानावर बसवलं.

"वाढायला एवढा स्टाफ परवडणार नाही, मॅडम," तो म्हणाला.

"स्टाफ नाय तो. भाऊ हायत माझे," वनिता म्हणाली आणि त्याला बिरडं वाढलं. नको नको म्हणत त्यानं तीनदा घेतलं.

जेवणं उरकल्यावर थोरल्यानं पिंपात डोकावून पाहिलं. तळाला थोडी सालं होती. हात पुसत तो कंपनीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, यंदा राहू दे. आम्हीच बघतो." ते ऐकून माझा ऊर असा भरून आला, की ओळखदेख नसलेल्या बायकांना मी सांगत सुटले, शाळेत माझ्या बाकावर बसायची ही.

आता भाऊ काही दर शनिवार-रविवार वाढणार नाहीत. वनितानं गावातल्या चार जणींना पगारावर घेतलंय, आणि किचनचा खर्च उतरला म्हणते. पुढचं पुढे. इकडे सासूबाई अख्ख्या नौपाड्याला सांगतायत की ते रिसॉर्ट त्यांनी वाचवलं. मी खोडून काढत नाही, कारण खरंच आहे ते.

त्या रविवारी निघताना सासूबाईंचा डबा गाडीत ठेवायला उचलला तर जड लागला. वनितानं त्यात भाकऱ्या भरलेल्या. "डबा रिकामा नाय पाठवायचा, आई म्हणायची," ती म्हणाली आणि आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आली. वर पाटी होती, बायजाई. परवा जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना मी आधी तेच विचारलं. पाटी आहे. नुकताच रंगही दिलाय म्हणे.