समोरच्या दारावरच्या लाथा

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा आमच्या समोरच्या खोलीत एक बाई एकटीच राहायची. तिशीची असेल. सिनेमात बारीकसारीक कामं करते, एवढंच ठाऊक होतं. मला सातवा लागला आणि जिना चढवेना, तेव्हा माझी भाजीची पिशवी तीच वर आणून द्यायची.

एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या पुरुषांनी भाड्याने व्हीसीआर आणला. बायकामुलांना बाहेर पाठवून त्यांनी ‘तसली’ कॅसेट लावली, आणि त्यात ती दिसली.

दुपारी जिन्यात धाडधाड पावलं वाजली, मग समोरच्या दारावर लाथा. “बाहेर ये! इथे फॅमिलीवाले राहतात!”

नवरा ड्युटीवर, घरात मी आणि सासूबाई. तेवढ्यात मागच्या सामाईक गॅलरीचं दार वाजलं. ती उभी होती, अनवाणी.

“वहिनी, आत घ्या ना. ते दार तोडतील.”

मी तिला आत ओढलं आणि कडी लावली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसलो. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. “पहिल्या वेळी फसवून घेतलं काम,” ती पुटपुटली. “नंतर माहीत असून केलं. खोटं नाही बोलणार. पण मी कुणाचं काय वाकडं केलं हो?”

मी सासूबाईंकडे बघत होते. कोकणातल्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक बाई; आता हिला हाताला धरून बाहेर काढतील, असंच वाटलं.

आमचं दार वाजलं. सासूबाईंनी पदर खोचला आणि दार सताड उघडलं.

“आजी, ती बाई इकडे आलीय?”

“इली हा. माझ्या घरात आसा. एका बायलमाणसाच्या दारात इतके बापये कित्याक इलास?”

“ती घाणेरड्या पिक्चरमध्ये काम करते, आजी!”

“तुमका कसा कळला? कोणी बघल्यान?”

जिन्यात गोळा झालेल्या बायकांपैकी एकीने आपल्या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली उतरला. मग बाकीचेही एकेक करून पांगले.

पण भीती गेली नाही. कुणीतरी आमच्या दारावर तांबडी काव फासली, नळावर बायका आमच्याशी बोलेनाशा झाल्या. पोटातल्या बाळाला काही होईल, या धास्तीने मी जिन्यात एकटी जात नसे. तिने आठवड्याच्या आत खोली सोडली. चेंबूरच्या बहिणीने दारातूनच परत पाठवलं. शेवटी गोराईला एका म्हातारीने आसरा दिला.

बाळंतपणानंतर सासूबाई होडीतून जाऊन तिला भेटून आल्या. “बरी आसा,” एवढंच म्हणाल्या. मीही येते म्हटल्यावर मात्र नको म्हणाल्या. परतताना होडीपर्यंत त्या सारख्या मागे वळून बघत होत्या, आपल्या मागून कुणी येतंय की काय म्हणून. हे सांगता सांगता त्यांनी उठून दाराची कडी लावली.