दुलात-आगांचं न फुगणारं पोलाद

दुलात सार्सेनोव्ह हा मेजवानीत बोलण्यासाठी जन्माला आलेला माणूस. कझाकस्तानातल्या आल्माटीत कुणाचंही लग्न असो, माइक धरून पाहुण्यांना हसवायला-रडवायला तोच हवा. आमच्या संस्थेच्या संचालकांच्या मुलींची लग्नं त्यानेच रंगवली, आणि धाकटीच्या लग्नानंतर तो आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. मी तिथे आयन-यंत्र चालवत होतो. मला कुणी विचारलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. अणुभट्टीसाठीच्या पोलादाच्या तुकड्यावर क्रिप्टॉनचे आयन वेगाने मारायचे. आतले अणू जागेवरून उडतात, मागे रिकाम्या जागा राहतात. त्या एकवटल्या की बारीक पोकळ्या होतात आणि धातू फुगतो. शिवाय शेजारची जागा रिकामी झाली की अणूंना सरकता येतं. एरवी तितक्या उष्णतेत जो निकेल पिढ्यान्‌पिढ्या हलला नसता, तो काही तासांत पोलादाच्या कणांच्या सीमांवर जाऊन साचतो. भट्टीत वर्षानुवर्षांनी होणारी खराबी अशी झटपट बघता येते. फक्त ती असते अगदी वरच्या थरात. केसाची जाडीसुद्धा त्याच्यापुढे डोंगर.

दुलातला हे सगळं पाठ होतं, भाषणापुरतं. त्याने स्वतःचं पोलाद काढलं, नाव ठेवलं ‘बातिर’, म्हणजे शूरवीर. कितीही मारा करा, सूक्ष्मदर्शकाखाली एक पोकळी दिसायची नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. संचालकांनी त्याच्या खांद्यावर जरीचा झगा घातला, मेजवानीत मानाच्या पाहुण्यालाच मिळणारं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्याने स्वतःच्याच कौतुकाचं भाषण स्वतःच केलं. नमुने तो आपल्या खोलीत दार लावून तयार करायचा. काही गुप्त कृती असावी, असं आम्हाला वाटायचं.

मग रौशान आली. धातुशास्त्र शिकलेली, तोंडाने फटकळ. एकदा चहाला बसलो असताना तिने दुलातला, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ‘आगा’ म्हणत, विचारलं, “आगा, यंत्रातून काढल्यावर नमुन्याचं काय करता?”

“काय करणार? डागाळलेला असतो. घासून आरशासारखा करतो, मग बघतो. घाणेरडं काम मला चालत नाही, पोरी.”

“म्हणजे मार खाल्लेला थर घासून टाकता आणि खालचं कोरं पोलाद बघता?”

दुलातने बिस्कीट चहात बुडवलं. “तू नवीन आहेस. शिकशील.”

त्याला प्रश्नच कळला नव्हता. लबाड असता तर मी त्याला थोडा तरी मान दिला असता.

रौशानने न घासलेला तुकडा माझ्याकडून घेतला, उभा कापला आणि बाजूने पाहिला. वरच्या थराची चाळणी झाली होती. निकेल सीमांवर गोळा झाला होता. ते चित्र तिने सभेत भिंतीवर दाखवलं. दुलात उठला आणि आपल्या लोहार आजोबांबद्दल बोलू लागला. कसं त्यांनी उपाशीपोटी घोड्यांना नाल ठोकले, कसा त्यांना पोलादाचा वास यायचा. संचालकांनी डोळे टिपले.

“आजोबा थोर होते,” रौशान म्हणाली. “पोलाद मात्र फुगलंय.”

ठराव झाला, की दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. असं वाक्य आमच्याकडेच होऊ शकतं.

पोलाद घेणाऱ्या अणुभट्टीवाल्यांना आजोबांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी न घासलेला नमुना मागवला, पाहिला आणि ‘बातिर’ परत पाठवलं. मग संचालकांना कुणीतरी बळी द्यावा लागला. त्यांनी दुलातला पाहुण्यांच्या स्वागताचा प्रमुख केलं आणि खोली पहिलीपेक्षा मोठी दिली. रौशानला प्रयोगशाळा मिळाली, गळक्या पंपांसकट.

दुलातला यात काही लागलं नाही. तो आता पाहुण्यांना आमचं यंत्र दाखवतो. रिकाम्या जागा, सरकणारे अणू, सगळं सांगतो, आणि इतकं छान सांगतो की याला काही कळतं असं ऐकणाऱ्याला खरंच वाटतं. नमुना घासू नये, हेही हल्ली सांगतो, स्वतःचा अनुभव म्हणून. पाहुणे लिहून घेतात. तेवढा वेळ रौशान पंपांच्या मागे जाऊन उभी राहते, आणि मी तिच्या शेजारी.