पाचव्या ड्रमची पावडर

कारखान्यात सगळे त्यांना चक्कीवाले मामा म्हणत. चक्की म्हणजे औषध दळायचं यंत्र. त्यात ना दगड, ना पाती. हवेच्या जोरदार झोतात औषधाचे कण गरगर फिरतात, एकमेकांवर आपटून फुटतात आणि पुरेसे बारीक झाले की बाहेर पडतात. मामा ते एकोणीस वर्षं चालवत होते.

त्या दिवशी फिट्सवरच्या गोळ्यांचं औषध दळायला होतं. पाण्यात विरघळायला हे औषध महाहट्टी. खडीसाखर आणि पिठीसाखरेत जो फरक, तोच इथं. कण बारीक असेल तर पोटात वेळेवर विरघळणार. जाडसर राहिला तर गोळी घेऊनही न घेतल्यासारखी, आणि रोग्याला भर रस्त्यात फिट यायची.

दुपारी चार ड्रम भरले होते, पाचवा बाकी होता. तेवढ्यात शिफ्टच्या साहेबांनी काचेवर टकटक केली.

"मामा, घरून फोन होता. लेकीला दवाखान्यात नेलंय. बाळाचे ठोके कमी झालेत म्हणे."

मामांनी हातमोजे काढायला घेतले. "बदली माणूस द्या साहेब, मी निघतो."

"शोधतोय. तासभर तरी लागेल."

मामांनी कशीबशी दहा मिनिटं काढली. मग ड्रम लवकर उरकावा म्हणून पावडर आत सोडायचा वेग वीसवरून बत्तीसवर नेला. एकदम जास्त माल आत पडला की हवेचा जोर वाटला जातो आणि कण जाडसरच बाहेर पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तपासणीसाठी तीन नमुने लागत; त्यातला शेवटच्या ड्रममधून काढायचा नमुना त्यांनी चौथ्यातूनच भरला. रजिस्टरमध्ये 'वीस' लिहिलं, सही ठोकली आणि धावत सुटले.

संध्याकाळी ऑपरेशन होऊन लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सगळ्यांचे चेहरे फुलले, मामांचा मात्र उतरलेलाच.

दुसऱ्या दिवशी त्यांची रजा होती. सकाळी दवाखान्यात लेकीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, तर त्यांनी ते लगेच परत दिलं. मामींनी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"आजोबा झालात आणि सुतकी तोंड कसलं? खरं काय ते बोला."

मामांनी सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "मग इथं काय बसलात? उठा आधी!"

नऊला औषध इतर पावडरींबरोबर मिसळायला घेणार होते. एकदा मिसळलं की वेगळं करणं अशक्य. ऑफिस अजून उघडलं नव्हतं, म्हणून मामांनी साहेबांना तीनदा फोन लावला. आत कामावर जाताना फोन कपाटात ठेवावा लागे, मग उचलणार कोण? कारखान्यात पोचायला नऊ वीस झाले. बूट बदलले, अंगभर पांढरा डगला चढवला. पहिलं दार नीट बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. त्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून मामा लाल दिव्याकडे बघत होते. तो हिरवा व्हायचं नाव घेईना.

आत मिक्सर फिरत होता.

"पाचवा ड्रम कुठाय?" मामा ओरडले.

"तो पुढेच होता, म्हणून पहिला ओतला," मिक्सरवाला म्हणाला. "पाचही आत गेले. का हो?"

आता एक ड्रम नाही, सगळाच माल गेला होता. आणि गप्प राहिलं तर? रिपोर्ट पास होता, सही होती. कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

"मिक्सर बंद कर," मामा म्हणाले. "आणि मॅडमना बोलाव."

क्वालिटीच्या मॅडम आल्या, मागोमाग शिफ्टचे साहेब. "नमुने तिन्ही पास आहेत, मामा," मॅडम म्हणाल्या. "अडचण काय?"

"तिसरा नमुना खोटा आहे. तो मी चौथ्या ड्रममधून भरला. पाचवा बत्तीसच्या वेगानं दळला आणि लिहिलं वीस."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "काय बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय म्हणूनच आलोय."

पाचव्या ड्रमच्या अस्तराच्या पिशवीला आतून थोडी पावडर चिकटून राहिली होती. ती खरवडून मॅडमनी स्वतः तपासली. दोन तास मामा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून होते. कुणी पाणी विचारलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. कण दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आत हवे होते. कित्येक सत्तावीसच्या वर निघाले.

सगळा माल नष्ट करण्यात आला. चौकशी तीन आठवडे चालली. नोकरी वाचली, पण चक्की गेली. मामांना खोक्यांच्या गोदामात पाठवलं. नमुने काढायचं काम तेव्हापासून क्वालिटीची माणसंच करू लागली.

गोदामातल्या पहिल्या दिवशी साहेब मुद्दाम तिकडे आले.

"मी त्या दिवशी यंत्र बंद करून तुम्हाला सोडायला हवं होतं, मामा."

"सोडायला हवं होतं," मामा म्हणाले. "पण वेग मी वाढवला, साहेब."

साहेबांनी मान हलवली. मग पलीकडचा स्टूल ओढून घेतला आणि विचारलं, "नात कशी आहे?"