टेमघरच्या पंढरीचा सायलेन्सर

...तर पंढरीचा सायलेन्सर अंजूरफाट्याच्या गतिरोधकावर तुटला, इथवर काल आलो होतो. तुटला म्हणजे कसा, पाईप गाडीला लटकलेला, डबा रस्त्याला घासतोय, मागं ठिणग्या उडतायत, आणि पंढरी आपला मजेत पिकअप हाकतोय. रिक्षावाले ओरडले. पानवाल्यानं दोन्ही हात वर करून हलवले. पंढरीनं त्यालाही हात केला. म्हटलं, असेल कोणी ओळखीचा. शेवटी शेजारी बसलेल्या कमळानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दंड धरून हलवला तेव्हा गाडी थांबली. कमळा खाली उतरली, गोणपाट हाताला गुंडाळून तो तापलेला डबा उचलला आणि मागं टाकला. पंढरी म्हणाला, "तरीच म्हटलं, आज गाडी हलकी का पलते." पुढचे दोन दिवस गाडी नुसत्या पाईपावर चालली. टेमघरात गाडी वळली की राहनाळच्या गोदामात कळायचं.

आता एवढा दणदणाट चालू असताना गाडीवाल्यालाच कसं कळलं नाही? तर त्याचं असं आहे. पंढरी बावीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला. बापानं शेताच्या तुकड्यावर पत्र्याचा कारखाना बांधला आणि त्यात सहा लूम बसवले. धोटा इकडून तिकडं, खडखड, खडखड, दिवसाचे बारा तास. त्यात पंढरीचा उजवा कान साफ गेला. डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. डॉक्टर म्हणाले होते, शांत जागी कोणी जवळून बोललं तर डाव्याला ऐकू येईल. पण भिवंडीत शांत जागा आणायची कुठून?

कान गेले तरी पंढरीचं अडलं मात्र कधी नाही. लूमच्या कारखान्यात कोणी कानानं बोलतच नाही. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं आणि समजायचं. चहा आला, दोरा तुटला, शेटजी आलाय, सगळं ओठांवर. पंढरी यात भलता तयार. कारखान्याच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या दोन कारागिरांचं भांडण तो मिटवायचा, आणि चूक कोणाची तेही सांगायचा.

कमळाला बघायला गेला तेव्हाची गोष्ट. हा ओसरीवर बसलेला, कमळा आत दाराशी, मैत्रिणीच्या कानाला लागलेली. हिनं मैत्रिणीला सांगितलं, "नाक बरं हाय. बाकी चालवून घेऊ." पंढरीनं ते तिकडं बसल्या बसल्या वाचलं आणि पोहे खाता खाता एकटाच हसला. सासरा घाबरला, पोरगा वेडसर निघतो की काय. आणि हे पंढरीनं बायकोला सांगितलं कधी? तर त्यांची मुलगी निशा शाळेत जायला लागली तेव्हा. अशी त्याची तऱ्हा. एखादी गोष्ट पोटात ठेवली की वर्षं गेली तरी बाहेर काढायचा नाही.

सहा लूम विकून हा जुना पिकअप घेतला त्याला सात वर्षं झाली होती. सूत गुंडाळलेले बीम कारखान्यांना पोचवायचे, कापडाचे तयार ताके राहनाळच्या गोदामात टाकायचे, हे काम. गोदामातला कारकून आतल्या अंधारात उभा राहून आकडे पुकारतो. अंधारात ओठ काय दिसणार? म्हणून कमळा बरोबर असायची. आकडे तिनं ऐकायचे आणि बोटांवर पंढरीला दाखवायचे. गोदामवाले चेष्टा करायचे, "पंढरीशेट, तुमच्या गाडीचा आरसा तरी सरळ करा. मागची गाडी बघायची सोडून वहिनींना बघतोय." आतला आरसा खरोखरच डावीकडं वळलेला असायचा. कमळा म्हणायची, स्क्रू ढिला असेल. तसंही मागं ताक्यांची थप्पी लागली की त्या आरशात दिसणार काय?

आता कमळाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

कमळा गाडीत बोलायची. घरात माणसं, गोदामात माणसं, गाडीत मात्र तिच्याशेजारी एक बहिरा नवरा, त्याचे डोळे रस्त्यावर आणि खाली पहिल्यापासूनच फुटक्या असलेल्या जुन्या सायलेन्सरचा ढणढणाट. तिला वाटे, याहून एकांत जागा सगळ्या तालुक्यात नाही. ती मनातलं सगळं बोलून टाकायची. नणंदेचं वागणं. आपल्या आईची चव म्हणून नवरा बोंबलाचं जे कालवण मिटक्या मारत खातो ते मुळात सासूचं नाहीच, तिच्या माहेरचं आहे, हेही.

आणि एक गोष्ट होती, ती अंबाडी नाका आला की यायची. तिथून वज्रेश्वरीचा रस्ता फुटतो. सात वर्षांपूर्वी कमळानं देवीला नवस केला होता: आई, या माणसाचा उरलेला कान तरी राहू दे, ते लूम जाऊ देत एकदाचे. पुढच्या महिन्यात लूम गेले. भंगारवाल्याची माणसं आली, घणानं लूम फोडून घेऊन गेली, आणि पंढरी रिकाम्या कारखान्यात बसून लहान पोरासारखा रडला. कमळाच्या मनानं घेतलं, आपणच नवऱ्याचे हातपाय तोडले. दरवर्षी ती ओटी भरायला जायची. पंढरीला सांगायची, निशाच्या परीक्षेसाठी. निशाची परीक्षा कधीची संपली, लग्न झालं, तरी परीक्षा चालूच. आणि दरवेळी अंबाडी नाक्याला, इंजिनाच्या आवाजात, ती नवऱ्याला खरं काय ते सांगायची. सांगितलं की छातीवरचं ओझं उतरायचं. नाका ओलांडला की पंढरी हमखास गाडी थांबवायचा. रस्त्याच्या कडेला बसलेल्या धाकली नावाच्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या म्हातारीकडून पानाच्या द्रोणात करवंदं नाहीतर बोरं घ्यायचा आणि अख्खा द्रोण कमळाच्या मांडीवर ठेवायचा. स्वतः एकही खायचा नाही. कमळाला वाटायचं, याला धाकलीची दया येते.

तर अशी ही कमळा, सायलेन्सर तुटल्यावर दोन दिवसांनी, वंजारपट्टी नाक्याजवळ इद्रिसभाईच्या गॅरेजात उभी, आणि इद्रिसभाईनं तीन सायलेन्सर पुढ्यात मांडलेले. एक कंपनीचा, जाड पत्र्याचा, आत तीन कप्पे. दुसरा इथंच मागच्या गल्लीत बनवलेला, पत्रा पातळ, कप्पा एकच. तिसरा एका मोडीत निघालेल्या गाडीचा, गंजलेला पण धड.

"कंपनीवाला लो, पंढरीशेट," इद्रिसभाई ओठ मोठे करून म्हणाला. "इतना शांत, के भाभी धीरे से बोलेगी तो भी सुनाई देगा."

 गाडीत नवऱ्याचा डावा कान आपल्याच बाजूला असतो हे कमळाला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं.

"तो गल्लीतला बरा हाय," ती म्हणाली.

"भाभी, वो आवाज करेगा."

"करू दे ना. आवाज नसला तर रस्त्यातली गुरं कशी उठनार?"

"उसके लिए हॉर्न होता है."

"हॉर्न बिघडलाय."

इद्रिसभाईनं खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. चांगला ठणठणीत वाजला. "आज सुधर गया," तो म्हणाला. कमळानं पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं.

पंढरी तोवर तिन्ही सायलेन्सर पाळीपाळीनं लावून बघत होता. लूमच्या अंगावर तळवा ठेवून कुठला खिळा ढिला आहे ते तो ओळखायचा, तसंच इथं. इंजिन चालू करायला लावायचा आणि फडकं धरून डब्यावर हात ठेवायचा. गंजलेल्यावर ठेवला आणि म्हणाला, "याचा दम कोंडतोय." गल्लीतल्यावर ठेवला आणि हात झटकला, "मुंग्या येतात." कंपनीच्यावर मात्र हात बराच वेळ राहिला. "बसलेल्या गाईच्या पोटासारखा लागतो," असं म्हणाला आणि हसला.

कमळानं शेवटचा डाव टाकला. त्याच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिली. "अवो, तुमाला तर ऐकू येत न्हाय. मग एवढा भारीतला कशाला?"

पंढरीनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मना न्हाय येत. तुना येतं ना? या फुटक्याशेजारी बसून तुजे पन जातील. माजे गेले ते गेले. गाडीला आता दोनच कान उरलेत, कमळे."

 ज्याच्या कानासाठी कमळानं नवस केला, तोच माणूस आता तिच्या कानासाठी गॅरेजात उभा राहून बोलत होता, आणि त्यामुळंच तिचं तोंड बंद होणार होतं.

नवीन सामान बसवलं की वज्रेश्वरीला जायचं असा पंढरीचा नेम. गाडी निघाली. आणि काय सांगू, गाडी कसली, नदीतून होडी जावी तशी चालली. कमळाला सात वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीतलं बाकीचं ऐकू आलं. काचेपाशी टांगलेली देवीची छोटी घंटी वाजत होती. वळणावर दिव्याची टिकटिक होत होती. ती तोंड घट्ट मिटून बसली. नणंदेच्या गावाचा फाटा गेला, बोलली नाही. पंढरी दोनदा तिच्याकडं वळला. मग खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं आरसा पुसला. पुसून पुन्हा डावीकडं वळवला.

अंबाडी नाका आला. कमळा बाहेर बघत होती, डोळे भरून आले होते. आजच्याएवढं ते ओझं तिला कधीच जड लागलं नव्हतं. आणि पंढरीनं गाडी बाजूला घेतली. धाकलीची जागा अजून पुढं होती.

"आज बोलत न्हाईस?" पंढरीनं विचारलं.

"काय बोलू?"

"नाका आला. नवसाचं सांगतंस ना हितं."

कमळाच्या हातातली ओटीची पिशवी खाली पडली, नारळ पायाशी गडगडला. पंढरीनं बोट वर करून आरसा दाखवला. कमळानं मान वर केली. आरशात पंढरीचे डोळे होते, नेमके तिच्या ओठांवर लागलेले.

"सगळं?" तिनं विचारलं.

"बोंबलाच्या कालवनासकट."

 पंढरीनं खाली वाकून नारळ उचलला, पुसला, तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर बघत सांगितलं, "लूम देवीनं न्हाय विकले. तुज्या नवसाच्या आदीच मी भंगारवाल्याला सांगून आलो होतो. आन रडलो तो लूमसाठी न्हाय. ती मानसं लूम फोडून गेली, कारखाना रिकामा झाला, आन मना काय फरकच कलला न्हाय. चालू असताना जसं, तसंच बंद झाल्यावर. तवा समजलं, कान किती गेलेत ते. म्हनून रडलो."

कमळानं पदरानं डोळे पुसले. मग तिला राग आला. खरा राग, सात वर्षांचा. ती त्याच्याकडं वळली आणि नव्या सायलेन्सरच्या शांततेत, त्याच्या डाव्या कानाला नीट ऐकू जाईल अशी बोलली, "सात वर्सं मी जलत होते. दर फेरीला तुमी वाचत होता आन करवंदं देत होता. एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

पंढरीनं गाडी गिअरमध्ये टाकली, आरशात तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून बसली असतीस. मग सात वर्सं मी नुसता रस्ता बघत गाडी चालवायची काय?"